खुब्याला विचारा, मग मॅट घ्या

वाचकांचे प्रश्न : मोटारसायकलवरचा मुक्काम

प्रश्न : माझं वय ४६. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात नोकरी करतो. ३५० सीसीची मोटारसायकल आहे, मागे टेल बॅग आणि दोन्ही बाजूंना कापडी सॅडल बॅगा. डिसेंबरात तंबू घेऊन विजापूर, बदामी, हंपी करायचा बेत आहे आणि पुढच्या जूनमध्ये हिमाचलातलं स्पिती. माझ्याकडे जुनी घडीची फोम मॅट आहे. मी कुशीवर झोपतो. त्या मॅटवर पहाटेपर्यंत खुबा आणि खांदा ठणकायला लागतात. पुतण्या म्हणतो, हवेची मॅट घ्या, पाण्याच्या बाटलीएवढी होते. मित्र म्हणतो, हवेची मॅट सराट्याच्या एका काट्याची धनी, फोमच बरा. बायको म्हणते, दोन सोलापुरी चादरींची चौघडी घाला आणि पैसे वाचवा. काय घेऊ?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : कुशीवर झोपता हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मला येणाऱ्या पत्रांत गाडीचं मॉडेल असतं, खिशाचा अंदाज असतो, आणि माणूस झोपतो कसा हेच लिहायचं राहून जातं. मॅट तर तिथूनच ठरते. उताणं झोपणाऱ्याचं वजन पाठ, कुल्ले, पोटऱ्या, टाचा असं पसरतं. कुशीवर वळलं की बहुतेक भार खुबा आणि खांदा या दोनच जागी येतो. तुमचा फोम दीड-दोन सेंटिमीटरचा असणार. तेवढा फोम खुब्याखाली पार दबतो आणि जमीन लागते. मग रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. नुसत्या अंगदुखीचा प्रश्न असता तर मी एवढं लांबण लावलं नसतं. पण अर्धवट झोप झाली की दुसऱ्या दिवशी जेवणानंतर, सरळसोट चौपदरी रस्त्यावर, डोळा कधी लागतो ते कळत नाही. चारचाकीत शेजारचा माणूस हलवून जागं करतो, मोटारसायकलवर ती सोय नाही. म्हणून मॅटचे पैसे मी हेल्मेट आणि टायरच्या रांगेत धरतो.

बाजारात मुख्य जाती तीन. पहिली तुमच्याकडे आहेच : बंद पेशींचा फोम, म्हणजे आतल्या हवेच्या पुटकुळ्या बंद असलेला. पाणी शोषत नाही, पंक्चर होत नाही, टाकली की अंथरूण तयार. पण जागा खातो. घडीच्या मॅटची घडी साधारण ५१ बाय १३ बाय १४ सेंटिमीटर होते, म्हणजे नऊ लिटरच्या वर. दुसरी आपोआप फुगणारी : आत स्पंजसारखा उघड्या पेशींचा फोम, बाहेर हवाबंद कापड. झडप उघडली की दाबलेला फोम सुटतो आणि स्वतःच हवा ओढून घेतो. ही युक्ती अमेरिकेतल्या सिॲटलची. बोईंगमधली नोकरी गेलेल्या दोन इंजिनिअरांनी एका गिर्यारोहक मित्राबरोबर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती काढली, आणि त्यांची थर्म-ए-रेस्ट आजही विकली जाते. पाच सेंटिमीटर जाडीच्या अशा मॅटची गुंडाळी पाच-सहा लिटरची धरा. तिसरी निव्वळ हवेची : टीपीयूचा, म्हणजे एका लवचिक प्लास्टिकचा, लेप दिलेलं नायलॉन किंवा पॉलिस्टर, फुगल्यावर सात ते दहा सेंटिमीटर जाड, आणि गुंडाळली की दोन-अडीच लिटर.

तुम्ही तिसरी घ्या, आणि जुना फोम टाकू नका. हवेची मॅट वर, फोम तिच्याखाली. पुतण्याचंही खरं आहे, मित्राचंही खरं आहे, आणि तुमच्या सुदैवाने दोघांचं एकाच तंबूत बसतं.

हवेच्या मॅटची जाडी आठ सेंटिमीटरच्या खाली नको. रुंदी साठ सेंटिमीटरच्या वर घ्या. नेहमीची ५१ सेंटिमीटर रुंदीची मॅट पाठीवर झोपणाऱ्याला पुरते. कुशीवरचा माणूस गुडघे दुमडतो आणि गुडघे थेट जमिनीवर जातात. मॅटच्या हवा भरलेल्या फुगीर पट्ट्या आडव्या आहेत की उभ्या यावर लोक तासन् तास वाद घालतात. मला त्यात फार अर्थ दिसत नाही. कडेच्या पट्ट्या मधल्यांपेक्षा थोड्या उंच असल्या की झोपेत माणूस खाली घरंगळत नाही, एवढं पाहा.

आता कापड. माझा धंदा ताडपत्र्या शिवायचा, त्यामुळे मॅट हातात आली की मी आधी तिचं बूड चिमटीत धरून पाहतो. सोलापुरात सुताचा काउंट घरोघरी कळतो : काउंट वाढला की सूत बारीक. डेनिअरचं उलटं आहे. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. आकडा वाढला की धागा जाड. पाठीवर सॅक घेऊन डोंगर चढणाऱ्यांसाठी ज्या तलम मॅट निघतात त्या वीस-तीस डेनिअरच्या असतात. ते लोक ग्रॅम मोजतात आणि त्यांचं बरोबर आहे. तुमचं वजन इंजिन ओढतं. तुम्हाला लिटर मोजायचे आहेत. दोनशे-तीनशे ग्रॅम जास्त गेले तर गाडीला पत्ताही लागत नाही, म्हणून बूड किमान चाळीस डेनिअरचं घ्या, पंचाहत्तरचं मिळालं तर फारच छान. पीव्हीसीच्या मखमली हवेच्या गाद्या मिळतात त्या घेऊ नका. त्या जड असतात आणि थंडीत पीव्हीसी ताठ होतं, घडी घालता घालता सकाळ जाते.

काट्यांबद्दल तुमच्या मित्राची भीती अगदी रास्त आहे. आपल्याकडे माळावर सराटे, बोरी-बाभळी, आणि ओढ्याकाठी वेडी बाभूळ. ज्वारी काढलेल्या रानात धसकटं. सराट्याचा काटा आखूड असतो, तो तंबूच्या तळातून आला तरी फोममध्ये अडकतो. वेड्या बाभळीचा काटा फोमला जुमानत नाही, तो हातानेच वेचावा लागतो. तंबू टाकण्याआधी बुटाच्या कडेने जागा झाडून घ्या, मग उजेड असेतो तळहात फिरवून पाहा. तंबूखाली ताडपत्री घालता ना? ती तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी थोडी लहान कापा. बाहेर डोकावणारी कड पावसाचं पाणी गोळा करून बरोबर तुमच्या पाठीखाली आणते.

हंपीला डिसेंबरात थंडीचा विचार फारसा करावा लागणार नाही. स्पितीची गोष्ट वेगळी. तिथलं काझा गाव ३,६०० मीटरच्या वर आहे आणि तिथे जूनच्या रात्रीही जमीन अंगातली ऊब ओढून घेते. इथे लोक जाडीला फसतात. दहा सेंटिमीटर जाडीची, आत नुसती हवा असलेली मॅट थंडीत गारच लागते, कारण आतली हवा हलत राहते आणि अंगातली ऊब जमिनीकडे जाते. ही ऊब अडवायला आत तंतूंचा थर किंवा चमकणारा पडदा घालतात. ऊब किती अडते ते सांगणारा आकडा म्हणजे आर व्हॅल्यू. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने तो मोजायची. २०१८ मध्ये एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एफ३३४० हे मानक आलं आणि २०२० पासून मोठ्या कंपन्या त्याप्रमाणे मोजायला लागल्या, त्यामुळे आता दोन मॅटची तुलना करता येते. आपल्याकडच्या रात्रीला एक-दोन पुरे. सह्याद्रीतल्या हिवाळ्याला दोन-तीन. गोठणाऱ्या जमिनीला चारच्या वर, बर्फावर पाचच्या वर. आणि एक सोयीची गोष्ट : एकावर एक दोन मॅट घातल्या तर आकड्यांची सरळ बेरीज होते. तुमचा फोम दोनचा असेल आणि हवेची मॅट साडेतीनची घेतलीत तर साडेपाच झाले. हंपीला एकटी हवेची मॅट पुरली असती. फोम खाली असल्यामुळे स्पितीसाठी वेगळी खरेदी लागत नाही. ज्या मॅटच्या वेष्टनावर हा आकडाच छापलेला नाही, ती उन्हाळ्यासाठी खुशाल घ्या, हिमाचलात नेऊ नका.

वहिनींची सूचना मला मनापासून आवडली, फक्त चादरींची जागा बदला. सुती चादरीची चौघडी गादीचं काम करत नाही. वजनाखाली दबते, दव पडलं की ओल धरते, आणि दोन चादरी निम्मी सॅडल बॅग खातात. पण एक चादर हवेच्या मॅटवर पसरा. टीपीयूचं कापड उकाड्यात घामाने अंगाला चिकटतं, कूस बदलली की चरचर वाजतं, आणि तंबू जरा उतारावर असला की माणूस त्यावरून सरकत सरकत पायथ्याशी जातो. एकेरी सोलापुरी चादर हे तिन्ही त्रास घालवते, आणि पहाटेच्या गारव्यात तीच अंगावरही ओढता येते. आपल्या गावात जे विणलं जातं त्याला इतका नेमका उपयोग सापडला की मला खरंच अभिमान वाटतो.

हवा भरण्याबद्दल एक इशारा, तो कृपया गंभीरपणे घ्या. ट्यूबलेस टायरसाठी आपण बारा व्होल्टचा पंप बाळगतो, तो मॅटला लावू नका. टायरमध्ये तीस पीएसआयच्या आसपास दाब असतो, मॅटला एक पीएसआय म्हणजे चिक्कार. आतल्या पट्ट्यांचे जोड क्षणात सुटतात. तोंडानेही फुंकू नका. श्वासातली वाफ आत राहते आणि बुरशी धरते. मॅटबरोबर हवा कोंबायची पिशवी मिळते, ती वापरा. आधी मॅट घट्ट भरा, कुशीवर झोपा, आणि झडप हळूच उघडून हवा सोडत जा. खुबा खाली जातो आहे पण जमिनीला टेकत नाही, तिथे थांबा. टणक फुगवलेल्या मॅटवर लोक रात्र काढतात आणि सकाळी मॅटला नावं ठेवतात. दोन गुडघ्यांच्या मध्ये रायडिंग जॅकेटची गुंडाळी घेतलीत तर कंबरही सैल पडेल.

हे सगळं प्रवासाआधी घरी करा. परत करायची मुदत संपायच्या आत शहाबादी फरशीवर मॅट टाकून पूर्ण रात्र झोपा. दुकानात पाच मिनिटं आडवं होऊन काही कळत नाही, खुबा बोलायला लागतो तो तीन-चार तासांनी.

बांधणी थोडक्यात सांगतो. खरेदीआधी सॅडल बॅगचं आतलं माप टेपने घ्या आणि मॅटच्या गुंडाळीच्या लांबीशी ताडून पाहा. कापडी बॅग बाहेरून दिसते त्याहून आत बरीच लहान असते. हवेची मॅट बॅगेच्या आत, कपड्यांच्या मध्ये. फोम टेल बॅगवर आडवा, हँडलच्या रुंदीच्या आत, बकलच्या पट्ट्यांनी आवळलेला. टोकाला हूक असलेली लवचिक दोरी खड्ड्यात उसळून सुटते. पट्टीचं सुटं टोक खोचून टाका, ते चेनमध्ये किंवा मागच्या चाकात गेलं तर काय होतं ते सांगायला नको. आणि फोमचा कोपरा सायलेन्सरपासून लांब ठेवा, वितळतो.

प्रश्न : मी वीस वर्षांची आहे, कॉलेजात शिकते. मैत्रीण आणि मी १२५ सीसीच्या गाडीवर उजनीच्या काठाला पक्षी पाहायला जाणार आहोत, एक रात्र तंबूत. पैसे फार नाहीत. घरात योगा मॅट आहे. ती चालेल का?
— एक वाचक, विडी घरकुल

उत्तर : एका रात्रीला चालेल, पण सुखाची झोप तिच्यावर लागणार नाही. योगा मॅट पाय सरकू नये म्हणून केलेली असते. चार-सहा मिलिमीटर जाडी, वजन किलोच्या आसपास, आणि मऊपणा जवळजवळ नाही. त्यापेक्षा फोमच्या दुकानातून ईव्हीए किंवा क्रॉसलिंक फोमची बारा-पंधरा मिलिमीटरची शीट कापून आणा, प्रत्येकीला १८० बाय ५० सेंटिमीटर. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तो पांढरा हलका फोम नको; तो एका रात्रीत बसतो आणि पुन्हा उठत नाही. शीट अंगठ्याने जोरात दाबा आणि सोडा. खळगा लगेच भरून आला तर घ्या. दोन्ही शीट एकात एक गुंडाळून मागे आडव्या बांधता येतील. तुमच्या वयाला एवढ्यावर छान झोप लागते, उगाच महागड्या मॅटच्या नादी लागू नका.

पाणी ओसरलेल्या गाळावर तंबू टाकू नका. दिसायला सपाट असतो, पण वाळलेल्या काळ्या मातीच्या भेगांत विंचू राहतात. जागेच्या मालकाला विचारून, वस्तीच्या हाकेच्या अंतरावर, थोड्या उंच मुरमाड जागी राहा. तंबूची चेन सतत बंद ठेवा. सकाळी शीट गुंडाळण्याआधी उचलून झटका, बूट पालथे करून आपटा. आणि पोहोचल्यावर एकदा, निघताना एकदा घरी फोन.

प्रश्न : माझी हवेची मॅट रोज पहाटे सैल पडलेली असते. बादलीत बुडवून पाहिली, कुठे बुडबुडा दिसला नाही. टायरवाल्याकडून पॅच लावून घ्यावा का, आणि कुठे लावावा?
— एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : सैल म्हणजे किती, ते आधी पाहा. संध्याकाळी ३५ अंशांना भरलेली हवा पहाटे १५ अंशांवर आली की तिचं आकारमान सुमारे साडेसहा टक्क्यांनी घटतं. मॅट तेवढी मऊ पडणारच, त्यात तिचा काही दोष नाही. झोपायला जाताना, हवा निवल्यावर, दोन फुंका भरून घ्याव्यात तशी पिशवीने थोडी हवा वाढवा. पाठ जमिनीला लागत असेल तरच गळती समजा.

बादलीत एका वेळी मॅटचा एक कोपराच बुडतो आणि बारीक भोक दाबाशिवाय बोलत नाही. मॅट टणक भरा, शेतावरच्या हौदात घाला, आणि हात फिरवत एकेक पट्टी दाबा. हौद नसेल तर कपडे धुण्याच्या साबणाचं पाणी स्पंजने सगळीकडे लावा. झडपेला सगळ्यात आधी पाहा. वाळूचा एक कण तिच्या ओठावर बसला तरी रात्रभर हवा जाते, आणि ओल्या फडक्याने पुसलं की काम झालं. भोक सापडलं तर लगेच बॉलपेनने गोल करा, मॅट वाळली की ते पुन्हा दिसत नाही.

टायरवाल्याकडे नेऊ नका. ट्यूबचं सोल्यूशन रबराशी एकजीव होतं, टीपीयूला ते नुसतं चिकटल्यासारखं वाटतं आणि एक-दोन मुक्कामांत सोलून निघतं. मॅटबरोबर आलेला पॅच वापरा, नाहीतर पॉलीयुरेथेनचा गोंद आणा. जागा स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या. पॅचचे कोपरे कात्रीने गोल करा, चौकोनी कोपरा आधी उचलतो. गोंद लावून वर सपाट वजन ठेवा आणि चोवीस तास हात लावू नका. गावी परतेपर्यंत निभवायचं असेल तर टीपीयूची चिकटपट्टी जवळ बाळगा.

मॅटवर कुठे टेंगूळ आलं असेल, म्हणजे दोन पट्ट्या एक होऊन फुगा झाला असेल, तर आतला जोड सुटला आहे आणि तो दुरुस्त होत नाही. आपल्याकडे हे उन्हाने होतं. पहाटेच्या गारव्यात घट्ट भरलेली मॅट बंद तंबूत तशीच ठेवून माणूस फिरायला जातो, अकरा वाजता आतली हवा तापून फुगते आणि जोड ओढले जातात. उठलात की झडप उघडायची, ही सवय लावा. घाटमाथ्याच्याही वर जाणार असाल तर गुंडाळलेल्या मॅटची झडप वाटेत एकदा उघडा : सोलापूर ४५० मीटरच्या आसपास आहे, काझ्याला हवेचा दाब इथल्या साधारण दोन-तृतीयांश उरतो आणि आत राहिलेली हवा पिशवीतच फुगून बसते.

ठेवण्याचंही सांगतो, कारण मे महिना हवेच्या मॅटला काट्याइतकाच वाईट. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, उष्णतेने लेप चिकट होऊन सुटायला लागतो. आपोआप फुगणारी मॅट पलंगाखाली उलगडून, झडप उघडी ठेवून पसरा. महिनोन् महिने दाबून ठेवली तर फोम फुलणं विसरतो. हवेची मॅट आतून वाळवून सैलसर घडीत ठेवा, आणि घडी दर वेळी थोडी सरकवून घाला. आमच्याकडे शिवायला येणाऱ्या बहुतेक ताडपत्र्या नेमक्या जुन्या घडीवरच फाटलेल्या असतात.